उडीचं बटन

फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याले एका दुकानाच्या मागच्या खोलीत तोंडासमोर गादी उभी करून बसलो होतो. हासू नका, धंदाच तसा आहे. ऑटोवर भोंगा लावून गावोगाव जाहिराती फिरतात ना, "या ताई या, वहिनी या", त्यातले निम्मे आवाज माहे असतात. बाई बी मी, म्हातारा बी मी, अन् मधात रडणारं लेकरू बी मीच. गादी याच्यासाठी, की रस्त्यावरचे हॉर्न रेकॉर्डिंगमधी येऊ नये. तं मोबाईलवर नाव दिसलं, सुमेध. उचलला. तिकून आधी खोकला आला, अन् मंग घोगऱ्या आवाजात, "हॅलो... कोण?"

आता हे जरा समजून घ्या. सुमेधचे बाबा बिजलीचे लाईनमन. ते स्वतः फोन लावतात अन् स्वतःच विचारतात, कोण? आधी खोकला, मंग हॅलो, मंग कोण. हा क्रम कधी चुकत नाही. त्याहीची ही नक्कल मी शाळेत असतानीच बसवली होती, अन् पुढं सुमेधले शिकवली. तवापासून तो मले अधूनमधून बापाच्या आवाजात फोन करे. दवाखान्यात भरती असला की हमखास करे, कारण तिथं दुसरं करण्यासारखं काही नसते. तो भरती होता हे मले माहीत होतं. पण सुमेध दवाखान्यात असणं ही आमच्यासाठी बातमीच नव्हती. म्हणून मी जोऱ्यात हासलो. "वा बे! आज खोकला तं बापापेक्षा भारी काढला! बंद करतो काका, डब्बा बंद करतो, जाऊ द्या तुमची लाईन!" वरून त्याहीच्याच आवाजात खोकून बी दाखवलं.  त्याहीनं माहं सारं होऊ दिलं. मंग म्हणे, "बाबू, मी सुमेधचा बाबाच बोलून राहिलो. सुमेध नाही राहिला रे."

गादी तशीच तोंडासमोर होती. बाहेरचा एक बी हॉर्न आयकू आला नाही...

आम्ही दोघं भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे. त्याचं घर हायवेच्या एका अंगाले, माहं दुसऱ्या अंगाले, मधातून नागपूरचे ट्रक. आमच्या घरी धानाची शेती, त्याच्या घरी बापाची नोकरी अन् बैठकीत बुद्धाची तसबीर. माही माय त्याले तांदूळ पाठवे, त्याची माय मले ओरडे. म्हणजे ओरडे बी नाही. काकूंचा आवाज त्यांच्या घरात कधी चढलाच नाही. त्या एवढ्या हळू बोलत की चहा घेतं का हे विचारलं तरी मले वाटे, काही गुपित सांगून राहिल्या. मी गावच्या नाटकांत कामं करे, गावातल्या साऱ्यांचे आवाज काढे, सरपंचाचा, गुरुजीचा, पिठाच्या चक्कीचा, पण काकूंचा नाही. धराले काही भेटतच नव्हतं.

सुमेधले सिकल होता. आमच्या भागात हे नाव कोणाले समजावून सांगा लागत नाही, प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी घर असते. बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या पेशी गोल पाहिजे, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात अन् बारीक नसांमधी अडकतात. मंग हाडं दुखतात. कसे दुखतात, हे मले नाही सांगता येत. मी त्याले पलंगाची पाटी दातानं चावताना पाह्यलं आहे, तेवढंच सांगतो. माय अन् बाप दोघंही चांगले धडधाकट, पण दोघांच्या रक्तात ते अर्धं अर्धं लपून होतं. लगन जुळलं तेव्हा पत्रिका पाहाची नाही, एवढं त्यांच्या घरात ठरलेलं होतं. रक्त पाहाचं असते हे तवा कोणाच्या डोक्यात नव्हतं. सुमेध म्हणे, "अर्धं बाबाचं, अर्धं मायचं, फुल्ल बिमारी माही." अन् स्वतःच हासे. मले ह्या जोकवर कधी हासता आलं नाही. बाकी त्याचे जोक भंगारच राहत, पण मी दोस्ती म्हणून हासून देत होतो.

शाळेत तो यायचा अन् गायब व्हायचा. थंडी पडली की गायब, ऊन तापलं की गायब. परत आला की मागच्या बाकावरून मले विचारे, "कोणता धडा चालू आहे बे?" मी सांगे. तो पुस्तक तिथून उघडे. मागचं काय झालं, कोण मेलं, कोण राजा झाला, त्याले पत्ता नाही. एकदा मले म्हणे, "यार, मी एक बी गोष्ट पहिल्यापासून आयकली नाही. मी सारं मधातूनच सुरू करून राहिलो." बारावी बी तशीच मधात राहिली. पेपरच्या टायमाले तो सलाईन लावून पडला होता. पुढच्या वर्षी पुन्हा बसतो म्हणे, अन् पुढच्या वर्षी उजव्या खांद्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, खांद्याचं हाड आतून मरून राहिलं, रक्तच पोचत नाही. आपण चालतो बोलतो आहो अन् आपल्या आतलं एक हाड मेलेलं आहे... मी त्या दिवशी घरी येऊन भात नाही खाल्ला.

खांदा गेला त्याच्या आधीची त्याची कारागिरी म्हणजे तो डब्बा. तळहाताएवढं एक कॉम्प्युटर भेटते, नुसती पाटी, तिच्यावर चिपा. त्यानं ते मागवलं अन् साबणदानीत बसवलं. गुलाबी साबणदानी, सुई तापवून तिले भोकं पाडले, गरम होऊ नये म्हणून. ती टीव्हीच्या मागं चिपकवली अन् टीव्हीले जोडली. काकूंची साबणदानी गेली म्हणून काही दिवस साबण वाटीत होता. टीव्ही लावला की पडद्यावर त्यानं मराठीत टाईप केलेले चौकोन येत. 'बाबाचे गाणे', त्यात जयंतीचे सारे. 'मायच्या सिरियली'. 'लगन', त्यात सगळ्या नात्यातल्या लगनांच्या सीड्या, ज्या लगनांत तो गेलाच नव्हता. अन् सगळ्यात खालती 'खेळ'.

खेळ म्हणजे ते जुने. आम्ही लहान होतो तेव्हा भंडाऱ्याच्या बाजारात एक दुकान होतं, तिथं घंट्याच्या हिशेबानं टीव्हीवर गेम खेळाले भेटे, कॅसेट टाकून. सारे पोट्टे जात. सुमेध जाई तेव्हा त्याचा नंबर लागाच्या आधी त्याचं अंग दुखाले लागे. ते सारे गेम त्यानं शोधून शोधून डब्ब्यात भरले. मी म्हटलं, अबे आता कसे एकापेक्षा एक गेम आले, फोटोसारखे दिसतात, अन् तू हे ठोकळे कायले घेऊन बसला? तो म्हणे, "ते सारे जण खेळून मोकळे झाले. माहा नंबर राहिला होता."

डब्ब्याची एक भानगड होती. चालू असतानी अचानक बिजली गेली की आतलं कार्ड खराब होते, सारं भरलेलं पुसून जाते. एकदा तसं झालं बी. त्याच्या बापानं तोंड पाह्यलं त्याचं. त्या दिवसापासून लाईन बंद कराची असली की ते आधी घरी फोन लावत. खोकला, हॅलो, कोण, अन् मंग, "बंद कर बाबू, मी लाईन पाडून राहिलो." साऱ्या शहापुरात बिजली जाणार हे आधी एकाच घराले माहीत होई. लोक त्याहीले रस्त्यात अडवून भांडत, लाईनमनभाऊ, कधी येते, कधी जाते, काही सांगत जा ना! ते मान खालती घालून ऐकत. सांगत फक्त पोराले.

खांदा गेल्यावर मले वाटलं, खेळ संपला. कंट्रोलर दोन्ही हातानं धरा लागते. डाव्या बाजूले पळाचे बटन, उजव्या बाजूले उडीचं. त्याचा उजवा हात मांडीवर पडून राहे, जसा दुसऱ्याचा ठेवाले दिला आहे. मी एक दिवस सहज त्याच्या उजवीकडं बसलो, कंट्रोलर दोघांच्या मधात घेतला, अन् उजवा अर्धा माह्या उजव्या हातात धरला. तो म्हणे, "हे काय लगन लावून राहिला?" मी म्हटलं, "तू पळ, मी उडी मारतो." बस. तिथून पुढं आम्ही तसेच खेळलो. दोन डोके, दोन हात, एक माणूस. सुरुवातीले तो माणूस दारू पेल्यासारखा चाले. खड्डा इथं, हा उडी तिथं. पण मंग जमलं. पळणाऱ्याले कळते ना, उडी कधी पाहिजे. म्हणून सुमेध ओरडे, "उडी!"

हे आयकाले पाहिजे होतं तुम्ही. उ लांब, वर चढत जाणारा, अन् डी अशी, जसं तापल्या तव्यावर पाणी पडलं, चर्र करून संपलं. बोलताना त्याचा आवाज साधाच होता, पण हे ओरडणं वेगळंच. मी त्याची नक्कल करून पाह्यली, खूप खेपा पाह्यली. नाही जमली. मी भोंगा, गावात माहं नावच भोंगा, बेडकापासून तं बुलडोझरपर्यंत काढतो, पण हे दोन अक्षरं माह्या गळ्यात बसले नाही. सुमेधले याचा काय आनंद! "भोंग्या, तुह्या दुकानात हा माल नाही."

टीव्हीचा आवाज मात्र बंद राहे. दुखणं चालू असलं की त्याले बारीक आवाज बी डोक्यात खिळा मारल्यासारखा लागे. मंग गेमचे आवाज मी काढे, तोंडातल्या तोंडात, हळूच. उडीचा टुईं, नाण्याचा टिंग, खड्ड्यात पडला की मरणाची धून. त्याले हासू येई अन् हासलं की छाती दुखे, म्हणे, "मरू नको बे, तुहं मरणं आयकून मी मरून जाईन." असंच बोलत होतो आम्ही. मरणं म्हणजे पुन्हा सुरू होणं, एवढाच त्याचा अर्थ होता.

आमचा आवडता गेम एकच. नाव जपानी अक्षरांत, कोणाले वाचता येई? एक नाटा माणूस पाठीवर पोतं घेऊन पळून राहिला, म्हणून पोतेवाला. मी म्हटलं, हा नक्कीच आपल्याकडचा आहे, धान विकाले चालला. तं सुमेधनं त्याच्या स्टेजींले नावं दिले. पहिली शहापूर, दुसरी भंडारा. तिसऱ्या स्टेजीत तुटका पूल अन् खालती पाणी, ती कारधा. पुढं लाखनी, मंग साकोली, अन् शेवटची एकोडी. आपला हायवेच. एकोडी म्हणजे काकूंचं माहेर, सुमेधच्या मामाचं गाव. लहानपणी उन्हाळ्यात तो तिथं जाई. एकदा मामाच्या गावच्या तलावात त्यानं उडी मारली, थंड्या पाण्यात, अन् त्याच दिवशी त्याले पहिल्यांदा ते दुखणं आलं. पहिल्यांदा नाव कळलं, सिकल. मंग थंडं पाणी बंद, तलाव बंद, लांबचा प्रवास बंद, एकोडी बंद. मामा येऊन भेटून जाई, पण तो पुन्हा तिथं गेला नाही. म्हणून पोतेवाल्याले तिथं पोचवाचं होतं. "एकोडीले पोचलो की बस. मंग तू तुह्या नाटकात जा, मी झोपतो."

अन् पोचाचं ते पहिल्यापासून. डब्ब्यात सोय होती, एक बटन दाबलं की जिथं आहे तिथं सेव. मरा, बिजली जाऊ द्या, काही होऊ द्या, तिथूनच पुढं. मी म्हणे, कारध्याच्या पुलावर आपण रोज बुडून राहिलो, सेव करू ना बे! तो आयकेच ना. "मधातून नाही. मले एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू दे."  मी उजवा अर्धा धरून पुन्हा शहापुरातून निघे.

एक दिवस जमलं होतं. दिवाळीनंतरची दुपार, गावोगाव मंडईचे, म्हणजे जत्रा अन् नाटकांचे दिवस, मले संध्याकाळी एका गावी नाटकात हवालदाराचं काम होतं. आम्ही कारधा पार केलं, लाखनी अशी काढली की जशी लाखनी नव्हतीच. साकोलीच्या स्टेजीत एक किल्ला येते, तो बी गेला. पोतेवाला शेवटच्या फाटकासमोर उभा. एक उडी, अन् पुढं एकोडी.  काकू दारात येऊन उभ्या होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी. अन् फोन वाजला. खोकला. हॅलो. कोण.

"बंद कर बाबू. लाईन पाडून राहिलो. तार तुटली आहे, आमचा माणूस खांबावर चढून आहे."

मी म्हटलं, सांग ना बापाले, पाच मिनट! तो म्हणे, "माणूस खांबावर आहे बे." मी म्हटलं, मंग सेव कर! अन् मी बटनाकडं अंगठा नेला. त्यानं डावा हात कंट्रोलरवरून काढून माह्या हातावर ठेवला. गरम होता हात, त्याले ताप होता हे मले तेव्हाच कळलं. "राहू दे. कोणी मरून नाही राहिलं. उद्या पुन्हा शहापूर." अन् त्यानं डब्बा बंद केला. टीव्ही काळा झाला, अन् जरा वेळानं पंखा बी थांबला. काकू दारातून आत गेल्या...

तसं पुन्हा कधी जमलं नाही. त्या थंडीत तो लय वेळा पडला. शेवटच्या खेपेला खोकला होता, ताप होता, छातीत दुखत होतं. घरच्यांले वाटलं, नेहमीचं दुखणं. पाणी पाज, शेक दे, गोळी दे, जे सारं त्या घराले पाठ होतं ते केलं. नेहमीचं नव्हतं. रक्त ह्या खेपेला छातीत अडकलं होतं. भंडाऱ्याले नेलं तेव्हा मी भेटाले गेलो. नाकाले ऑक्सिजन, तरी मले पाहून डोळे मिचकावले. बोलताना मधात थांबून राहिला. मी आपला पिठाच्या चक्कीचा आवाज काढला, नर्सबाई ओरडल्या, तो हासला नाही. छाती दुखे म्हणून हासू दाबून राहिला असं मी समजलो. निघताना म्हणे, "भोंग्या... डब्बा बंद आहे ना?" मी म्हटलं बंद आहे. "चालू ठेवू नको. बाबा माह्यापाशी आहे... फोन कोण करीन?"

हे त्याचं मले शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी त्याले नागपूरले नेत होते, अन् नागपूरचा रस्ता शहापुरातूनच जाते. भंडाऱ्यातून निघालेली गाडी त्याच्या घरासमोरून सायरन वाजवत गेली. काकू घरीच होत्या, पोराचे कपडे भरून राहिल्या होत्या, मागून मामाच्या गाडीत जाणार होत्या. त्याहीनं सायरन आयकला. हायवेवर रोज कितीतरी सायरन आयकतो आम्ही. त्याहीनं एक शर्ट घडी केला अन् पिशवीत टाकला. गाडी पुढं गेली, अन् नागपूर लागाच्या आधीच तो गेला. पोतेवाल्याच्या उलट्या दिशेनं.

त्याले पोचवलं त्या दिवशी सारं गाव पांढऱ्या कपड्यांत होतं. वंदना झाली. कोणी तरी म्हटलं, भोंग्या, तू बोल दोन शब्द, तुहा जिगरी होता. मी उभा झालो. माह्यापाशी आवाज नव्हता. सरपंचाचा होता, गुरुजीचा होता, माहाच नव्हता. मी बसून गेलो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मामा एकोडीले परत गेला, सुमेधचे बाबा कामावर जाऊ लागले. मी त्या घरी जाणं टाळलं नाही, पण बैठकीत बसणं टाळलं, बाहेर ओसरीवर, सपरीतच बसून येऊन जाई. एक दिवस सकाळी काकूंनी आत बोलावलं. टीव्ही बंद, त्याच्यावर कपडा टाकलेला. काकू म्हणाल्या, तशाच हळू, "तू साऱ्या गावाचे आवाज काढतं. एक खेप माह्या सुमेधचा काढ ना."

मी म्हटलं, काकू, नका ना.

"एकच खेप. तो ओरडे ना, उडी. तेवढंच."

मी काढला. उ लांब केला, डी टाकली. बैठकीत तो आवाज माहाच फिरला अन् माह्याच कानात आला, जाहिरातीतल्यासारखा. काकूंनी मान हालवली. "नाही रे. हा नोय." मी पुन्हा काढला. आणखी वाईट. तिसरी खेप बी तशीच. काकू म्हणाल्या, "राहू दे," अन् पदर तोंडावर घेऊन बसल्या. मले तेव्हा माह्या धंद्याचा असा राग आला... काय कामाचे हे हजार आवाज, जे पाहिजे ते एक नाही!

मंग त्या बोलाले लागल्या, पदराआडून. "तुले माहीत नाही. त्या दिवशी तलावावर तो भेऊन राहिला होता. काठावर उभा, पाण्यात जात नव्हता. सारे मामेभाऊ पाण्यात. मीच ओरडली त्याले, उडी मार म्हणून. मीच. अन् त्यानं मारली." मंग म्हणाल्या, "बिमारी माह्याकडून गेली, ते तं गेलीच. पण उडी बी मीच माराले लावली. तवापासून मी कधी ओरडली नाही बाबू. अन् तुम्ही दोघं इथं खेळा, तो रोज ओरडे, उडी, उडी. मी तिकडं चुलीपाशी. मले वाटे, मलेच सुनावून राहिला. तरी आता तेच आयकू वाटते."

एवढे वर्ष मी त्या खोलीत टुईं अन् टिंग काढून राहिलो होतो, अन् भिंतीच्या पलीकडं हे चालू होतं.

मी म्हटलं, काकू, त्यानं मले त्या उडीचं सांगतलं आहे. खूप खेपा सांगतलं. खरंच सांगतलं होतं. बिमारीचं तो दोन शब्दांत सांगे, पण त्या उडीचं किती लांबवे! पाय काठावरून सुटले तेव्हा पोटात कसं झालं, पाणी कसं कानात शिरलं, वर आला तं शिंगाड्याची वेल डोक्यावर, अन् सारे हासून राहिले. म्हणे, "दुखणं दुसऱ्या कोणत्या बी दिवशी आलंच असतं. उडी आली नसती. काठावरून कोणी ओरडलं म्हणून आली." कोण ओरडलं, हे त्यानं मले कधी सांगतलं नव्हतं. मी बी विचारलं नव्हतं.

काकू उठल्या, टीव्हीवरचा कपडा काढला, मागं हात घालून गुलाबी साबणदानी पुसली. म्हणाल्या, "लाव." मी लावलं. चौकोन आले. मी खालती गेलो, 'खेळ'. पोतेवाला शहापुरात उभा राहिला, पोतं पाठीवर. मी सवयीनं उजवीकडं बसलो, अन् डावीकडं जागा रिकामी होती. काकू त्या जागी येऊन बसल्या. कंट्रोलरचा डावा अर्धा सुमेधच्या अंगठ्यानं घासून गुळगुळीत झाला होता, बाण पुसून गेले होते. त्याहीनं त्याच्यावर अंगठा ठेवला. म्हणाल्या, "हे दाबलं की पळते?"

पळाला. भिंतीवर आदळला, मागं गेला, पुन्हा पळाला. पहिल्या खड्ड्यात आम्ही कितीक खेपा मेलो, सांगत नाही, इज्जतीचा प्रश्न आहे. मी हळूच मरणाची धून काढली, काकूंनी माह्याकडं पाह्यलं, मी थांबलो. "काढ," म्हणाल्या, "काहून थांबला?" शहापूर झालं. भंडारा बी कसंतरी झालं. अन् कारध्याचा पूल आला, खालती पाणी. काकू नजर न हालवता पळवून राहिल्या होत्या, सरळ, न थांबता, जसं मधात पाणी नाहीच. काठ आला. अन् त्या ओरडल्या.

"उडी!"

उ लांब, वर चढत जाणारा. अन् डी, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी, चर्र.

मी समजत होतो नक्कल मी शिकवली त्याले. तो तं माह्या किती आधीपासून करून राहिला होता, अन् त्याच्या घरात ज्या बाईनं आवाज चढवणं सोडलं होतं, तिचाच आवाज रोज त्या घरात चढवून राहिला होता. माहा अंगठा बटनावर होता. मी नाही दाबलं. मले दाबताच आलं नाही, मी आयकत राहिलो. पोतेवाला काठावरून सरळ खालती गेला, पाण्यात, पोत्यासकट.

"काहून नाही मारली बे?" काकू त्याच वरच्या आवाजात ओरडल्या. बाहेर सपरीत सुमेधचे बाबा जेवाच्या सुट्टीत आले होते, ते दारात येऊन उभे झाले. खोकले. 

कंट्रोलरवर ते सेवचं बटन तसंच होतं. काकूंनी विचारलं, हे कायचं. मी सांगतलं. त्याहीनं मान हालवली, अन् पुसलेल्या बाणांवर पुन्हा अंगठा ठेवला.

"मधातून नको," म्हणाल्या. "शहापुरातून घे."